संगणकाची निद्रा : 'स्लीप' आणि 'हायबरनेट'

तुमच्यापैकी अनेकजण पेण, रोहा परिसरात दिवसभर नोकरी, शेती वा व्यवसाय सांभाळून रात्री प्रकल्पाचे टंकलेखन करीत असाल. मध्येच उठावे लागले, की 'स्लीप' हा पर्याय निवडून आपण निर्धास्त होतो. टेबलावरील संगणकाच्या बाबतीत ही निर्धास्तता कितपत रास्त आहे, ते पाहू.

संगणकात चालू काम 'रॅम' या तात्पुरत्या स्मृतीत असते. वीज असेपर्यंतच ती टिकते. जतन केलेली फाइल डिस्कवर असते. तिला विजेची गरज नसते. 'स्लीप'मध्ये पडदा, प्रोसेसर, डिस्क थांबतात, परंतु रॅमला अत्यल्प वीज मिळत राहते. म्हणूनच कळ दाबताच अर्धे राहिलेले वाक्य काही सेकंदांत समोर येते. 'हायबरनेट'मध्ये रॅममधील सर्व मजकूर प्रथम डिस्कवर लिहिला जातो आणि मग यंत्र बंद होते. पुन्हा सुरू होण्यास थोडा अधिक वेळ लागतो, पण वीज गेली तरी काम सुरक्षित राहते.

पेणच्या गणपतीच्या कारखान्यांचा दाखला घेता येईल. शाडूचे अपुरे काम ओल्या फडक्याने झाकले, तर सकाळी तेथूनच पुढे सुरू करता येते. मात्र फडके वाळले, की माती तडकते. 'स्लीप'मधील विजेचे कार्य त्या ओलीसारखेच असते.

लॅपटॉपला बॅटरीचा आधार असतो. टेबलावरील संगणकाला तो नसतो. यूपीएस जोडला, तरी त्याची बॅटरी संपेपर्यंतच. आपल्याकडे पावसाळ्यात वीज जाणे नवे नाही. ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर धडकलेल्या 'निसर्ग' चक्रीवादळानंतर तर अनेक गावे कित्येक दिवस अंधारात होती. यावर 'हायब्रिड स्लीप' हा मधला मार्ग आहे : मजकूर रॅममध्ये राहतो आणि त्याची प्रत डिस्कवरही ठेवली जाते. अनेक संगणकांत विंडोजच्या 'पॉवर ऑप्शन्स'मध्ये ही सोय आढळते. तरीही उठण्यापूर्वी फाइल जतन करावीच.

बचतीचा हिशेब सोपा आहे. रिकामा सुरू असलेला संगणक ५० वॅट वीज घेतो असे धरा. रोज १६ तास तो तसाच राहिला, तर ३० दिवसांत २४ युनिट खर्च होतात. 'स्लीप'मध्ये ३ वॅट धरल्यास हाच आकडा दीड युनिटपेक्षाही कमी येतो. पडद्यावर चित्रे फिरवणारा 'स्क्रीनसेव्हर' मात्र वीज वाचवत नाही. त्याच्या नावाने अनेकांची फसगत होते.

भाषेच्या अभ्यासकाला येथे आणखी एक गोष्ट दिसेल. 'हायबरनेट' या शब्दाच्या मुळाशी हिवाळा घालवण्याचा अर्थ असलेले लॅटिन क्रियापद आहे. त्यावरून आपण 'शीतनिद्रा' हा प्रतिशब्द वापरतो. कोकणातील बेडूक मात्र उन्हाळ्यात दडून राहतो आणि पहिल्या पावसाने जागा होतो. त्याची ती ग्रीष्मनिद्रा. थंड प्रदेशातील रूपक आपण जसेच्या तसे स्वीकारले आहे. माझ्या मते, 'प्रत ठेवून बंद' हे वर्णन कमी डौलदार असले, तरी वापरणाऱ्याला अधिक उपयोगी आहे.

स्वाध्याय : तुमच्या संगणकाच्या 'पॉवर' यादीतील पर्याय लिहून काढा आणि प्रत्येकासाठी त्याचे कार्य सांगणारा मराठी प्रतिशब्द सुचवा.