ज्याचं नाव पडद्यावर नव्हतं

१९९१ साली अमेरिकेत ‘टेक्मो सुपर बोल’ नावाचा एक व्हिडिओ गेम आला. व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलमधले सगळे संघ त्यात होते आणि खेळाडू त्यांच्या खऱ्या नावांनिशी होते. फिलाडेल्फिया ईगल्स या संघाच्या क्वार्टरबॅकपाशी मात्र नाव नव्हतं. तिथे नुसतं ‘क्यूबी ईगल्स’ असं लिहिलेलं. नावं वापरण्याचा करार खेळाडूंच्या संघटनेशी झाला होता आणि काही मोजके क्वार्टरबॅक त्या कराराबाहेर होते, एवढंच त्याचं कारण. पण हा निनावी खेळाडू हातात आला की समोरचा पोरगा वैतागायचा. तो सापडायचा नाही, आणि सापडतोय असं वाटेपर्यंत चेंडू मैदानाच्या दुसऱ्या टोकाला गेलेला असायचा. तो कोण हे कुणाला सांगावं लागत नव्हतं. रँडल कनिंगहॅम.

पुढे त्याच्या वाट्याला जे आलं ते थोडंफार असंच होतं. सगळे त्याला ओळखत होते, पण जिथे नाव लिहायचं तिथे ते लिहिलं गेलं नाही.

हा खेळ आपल्या ओळखीचा नाही, म्हणून दोन शब्द. दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी संघाला चार प्रयत्न मिळतात. प्रत्येक प्रयत्नाच्या सुरुवातीला चेंडू क्वार्टरबॅकच्या हाती येतो. त्याच्यापुढे पाच धिप्पाड गडी भिंत करून उभे राहतात. त्या भिंतीमागच्या जागेला ‘पॉकेट’ म्हणतात. तिथे शांत उभं राहायचं, पळणाऱ्या साथीदारांपैकी कोण मोकळा आहे ते हेरायचं आणि त्याच्याकडे चेंडू फेकायचा. चेंडू समोरच्या टोकाच्या रेषेपार पोचला की ‘टचडाउन’, आणि चेंडू हातात असतानाच क्वार्टरबॅकला लोळवलं तर त्याला ‘सॅक’ म्हणतात. कित्येक दशकं प्रशिक्षकांची शिकवण एकच होती, की पॉकेट सोडून पळतो तो घाबरला.

या शिकवणीला पहिला मोठा तडा फ्रॅन टार्केन्टनने दिला. १९६१ मध्ये मिनेसोटा व्हायकिंग्जकडून आपल्या पहिल्याच सामन्यात राखीव खेळाडूंमधून उठून त्याने चार टचडाउन फेकले, पाचवा स्वतः पळून केला आणि शिकागो बेअर्सला ३७-१३ असं हरवलं. तरीही त्याचा प्रशिक्षक नॉर्म व्हॅन ब्रॉक्लिन याला त्याचं पळणं कधी रुचलं नाही. टार्केन्टन १९७८ नंतर निवृत्त झाला तेव्हा फेकून मिळवलेले सर्वाधिक यार्डही त्याच्या नावावर होते आणि क्वार्टरबॅकने पळून मिळवलेले सर्वाधिक यार्डही, ३,६७४. मात्र टार्केन्टन पळायचा तो बहुतेक वेळा मागे आणि आडवा, फेकायला आणखी दोन-तीन क्षण मिळावेत म्हणून. कनिंगहॅम पळायला लागला की बचाव करणाऱ्यांपुढे एकदम दोन संकटं उभी राहायची. त्याच्या अंगावर धावून जावं तर तो डोक्यावरून साठ यार्ड चेंडू फेकणार, आणि मागे थांबावं तर समोरची मोकळी जागा तो स्वतःच खाऊन टाकणार. आज या खेळाच्या अर्ध्या योजना याच पेचावर उभ्या आहेत. म्हणून पहिला पळणारा टार्केन्टन असला, तरी आजच्या खेळाची वाट कनिंगहॅमपासून निघते असं मी मानतो.

तो कृष्णवर्णीय होता, आणि ही गोष्ट बाजूला ठेवून हा हिशेब मांडताच येत नाही. कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक मार्लिन ब्रिस्को याने १९६८ मध्ये डेन्व्हरकडून पदार्पणाच्या हंगामात चौदा टचडाउन फेकले. पुढच्या वर्षी त्याला क्वार्टरबॅकची जागा मिळाली नाही आणि तो बफेलोत जाऊन चेंडू झेलणारा खेळाडू झाला. तसाच दुसरा, वॉरन मून, याला १९७८ मध्ये एकाही संघाने निवडलं नाही. सहा हंगाम कॅनडात काढून तो परत आला. कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक डग विल्यम्सने सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला तो जानेवारी १९८८ मध्ये. म्हणजे कनिंगहॅम ऐन भरात यायला आणि कृष्णवर्णीय माणूस ही जागा सांभाळू शकतो हे निर्विवाद व्हायला एकच वेळ होती.

नेवाडा विद्यापीठाच्या लास व्हेगस शाखेतून १९८५ मध्ये ईगल्सने त्याला दुसऱ्या फेरीत, सदतिसाव्या क्रमांकावर निवडलं. कॉलेजात तो क्वार्टरबॅक होता आणि पंटरही, म्हणजे चौथ्या प्रयत्नात चेंडू लाथेने दूर टोलवणारा. थोरला भाऊ सॅम आधीच प्रसिद्ध होता. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाकडून १९७० मध्ये अलाबामात जाऊन एका सामन्यात त्याने पळून एकूण १३५ यार्ड मिळवले होते, आणि दक्षिणेकडच्या गोऱ्या संघांची दारं उघडण्याशी लोक तो सामना आजही जोडतात.

१९८६ मध्ये बडी रायन ईगल्सचा मुख्य प्रशिक्षक झाला. शिकागोची गाजलेली बचावफळी घडवणारा हा माणूस. त्याने एक विचित्र प्रयोग केला. पहिल्या दोन प्रयत्नांना अनुभवी रॉन जॉर्स्की, आणि तिसरा प्रयत्न अवघड असला की कनिंगहॅम. चेंडू फेकलाच जाणार हे समोरच्या सगळ्यांना कळून चुकलेलं असे, नेमक्या त्या क्षणी हे तेवीस वर्षांचं पोर आत जाई. त्या हंगामात तो ७२ वेळा लोळवला गेला. संघाचे मिळून १०४ सॅक झाले आणि तो लीगचा विक्रम ठरला. तो पळायचा असं आपण सहज म्हणून जातो. पण त्याला उभं राहायला भिंत दिली कुणी होती?

रायनचं सगळं लक्ष बचावाकडे. रेजी व्हाइट, जेरोम ब्राउन, सेथ जॉइनर अशी माणसं त्याच्याकडे होती. सामन्यात चार-पाच मोठे डाव कर, बाकीचं आम्ही बघतो, असा त्याचा कनिंगहॅमशी एकूण सौदा होता. १९८७ ते १९९० अशी सलग चार वर्षं ईगल्ससाठी पळून सर्वाधिक यार्ड मिळवणारा खेळाडू कनिंगहॅम होता. पळण्यासाठी संघात वेगळी माणसं असतात, आणि चार वर्षांत त्यांच्यापैकी एकही क्वार्टरबॅकच्या पुढे गेला नाही. याला त्याचं कौतुक म्हणावं की संघाचं दारिद्र्य? मी दारिद्र्यच म्हणेन.

त्या वर्षांतला एक क्षण मी पुन्हा पुन्हा पाहिला आहे. १० ऑक्टोबर १९८८, फिलाडेल्फियाचं व्हेटरन्स स्टेडियम, समोर न्यूयॉर्क जायंट्स. सोमवारची रात्र, म्हणजे सबंध देश टीव्हीसमोर. टचडाउनची रेघ काही पावलांवर. कनिंगहॅम उजवीकडे सरकतो आणि जायंट्सचा कार्ल बँक्स त्याच्या पायांत घुसतो. धडक नेमकी बसलेली आहे. कबड्डीत असा पट निघाला की पंचाची शिट्टी आधीच ऐकू येते. कनिंगहॅमचं शरीर जमिनीला समांतर होतं, तो एक हात जमिनीवर टेकवतो, त्या हाताच्या आधाराने पुन्हा सरळ होतो आणि जिमी गाइल्सकडे टचडाउन फेकतो. बँक्स जमिनीवरून मान वळवून बघतो आहे. लोक या क्षणाला चमत्कार म्हणतात. मला त्यात दिसतं ते वेगळंच. पडता पडताही त्याची नजर पुढेच होती. गाइल्स कुठे असेल हे त्याला माहीत होतं. पायांचं कौतुक करणाऱ्यांनी त्या नजरेचं कौतुक फारसं केलं नाही.

सप्टेंबर १९८९ मध्ये ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’ने त्याला मुखपृष्ठावर घेतलं आणि त्याला ‘अंतिम अस्त्र’ म्हटलं. गौरवाचाच शब्द, पण अस्त्र दुसऱ्याच्या हातात असतं आणि विचार दुसरा कुणीतरी करतो. त्याच महिन्यात वॉशिंग्टनविरुद्ध २०-० अशा पिछाडीवरून त्याने ४४७ यार्ड आणि पाच टचडाउन फेकून सामना ४२-३७ असा जिंकला. डिसेंबरात जायंट्सविरुद्ध स्वतःच्या गोलरेषेजवळून त्याने वाऱ्यावर ९१ यार्डांचा पंट मारला. त्याच डिसेंबरात त्याला क्वार्टरबॅक म्हणून घडवणारा प्रशिक्षक डग स्कोव्हिल हृदयविकाराने गेला.

१९९० हे त्याचं शिखर. फेकलेले ३० टचडाउन, ३,४६६ यार्ड, आणि पळून ९४२ यार्ड, प्रत्येक धावेमागे सरासरी आठ. क्वार्टरबॅकच्या धावेचा विक्रम तेव्हा बॉबी डग्लसच्या ९६८ यार्डांचा होता, पण १९७२ च्या त्या हंगामात डग्लसकडे फेक अशी जवळजवळ नव्हतीच. दोन्ही गोष्टी इतक्या उंचीवर एकाच माणसात त्याआधी कुणी पाहिल्या नव्हत्या. बफेलोत ब्रूस स्मिथ त्याच्या अंगावर झेपावला तेव्हा तो स्वतःच्या गोलक्षेत्रात उभा होता. स्मिथ मागून येतोय हे जणू पाठीला कळावं तसा तो खाली वाकला, स्मिथ वरून निघून गेला आणि फ्रेड बार्नेटला दिलेल्या त्या फेकीतून ९५ यार्डांचा टचडाउन झाला. ईगल्स तो सामना हरले.

हरण्याबद्दलही बोललं पाहिजे, कारण त्याच्यावरचा सगळ्यात मोठा आक्षेप तोच आहे आणि तो खोटा नाही. रायनच्या काळात ईगल्स तीन वर्षं बाद फेरीत पोचले आणि तिन्ही वेळा पहिल्याच सामन्यात बाहेर पडले. शिकागोत मिशिगन सरोवरावरून धुकं आलं आणि मैदानच दिसेनासं झालं. त्या धुक्यात त्याने ४०७ यार्ड फेकले, पण तीन चेंडू शिकागोच्या हातात दिले. नंतर लॉस एंजेलिस रॅम्स, मग वॉशिंग्टन. तीन सामन्यांत मिळून संघाचा एकच टचडाउन. वॉशिंग्टनविरुद्ध तर रायनने ऐन सामन्यात एका डावापुरतं त्याला बसवून जिम मॅकमोहनला उतरवलं. त्यानंतर रायनचीही नोकरी गेली. त्या सामन्यांत कनिंगहॅम कमी पडला, हे मी मान्य करतो. पण चार-पाच चमत्कार कर एवढंच ज्याला शिकवलं, त्याच्याकडून शिस्तबद्ध बचावासमोर संथ, सलग खेळाची अपेक्षा कोणत्या हक्काने करायची?

१ सप्टेंबर १९९१, ग्रीन बे. हंगामाचा पहिला सामना. ग्रीन बेचा ब्राइस पॉप त्याच्या डाव्या गुडघ्यावर आदळला आणि वर्ष संपलं. त्या वर्षी ईगल्सची बचावफळी लीगमध्ये यार्डांच्या प्रत्येक मोजमापात पहिली होती आणि तरी संघ बाद फेरीत गेला नाही. तो असता तर? फिलाडेल्फियातली जुनी माणसं या प्रश्नावर आजही गप्प होतात. परत आल्यावर १९९२ मध्ये पळून मिळवलेल्या यार्डांत त्याने टार्केन्टनला मागे टाकलं, पण १९९३ मध्ये पहिले तिन्ही सामने जिंकल्यावर चौथ्या सामन्यात पाय मोडला. १९९५ मध्ये नव्या प्रशिक्षकांनी त्याची जागा रॉडनी पीटला दिली. जानेवारी १९९६ मध्ये, डॅलसच्या बाद सामन्याच्या आठवड्यात, तो मुलाच्या जन्मासाठी लास व्हेगसला गेला. सामन्यात पीट जखमी झाला, याला आत जावं लागलं आणि संघ ३०-११ असा हरला. सराव चुकवला म्हणून त्याच्यावर जी झोड उठली ती आज वाचवत नाही.

पुढचं वर्ष तो खेळलाच नाही. लास व्हेगसमध्ये संगमरवर आणि ग्रॅनाइटचं काम करत राहिला.

आणि मग १९९८. व्हायकिंग्जने त्याला राखीव म्हणून घेतलं होतं. पहिला क्वार्टरबॅक ब्रॅड जॉन्सनचा पाय दुसऱ्याच सामन्यात मोडला. पस्तिशीतला कनिंगहॅम आत गेला. भिंत भक्कम, क्रिस कार्टर आणि नवखा रँडी मॉस झेलायला, आक्रमणाची खरीखुरी आखणी. त्याने ३४ टचडाउन फेकले, संघाने पंधरा सामने जिंकले आणि एक हरला, ५५६ गुणांचा तेव्हाचा विक्रम झाला. पळाला तो जेमतेम. फक्त पाय आहेत असं ज्याच्याबद्दल दहा वर्षं बोललं गेलं, त्याने पॉकेटमध्ये उभं राहून लीगमधला सर्वोत्तम हंगाम खेळून दाखवला. १९८८ साली त्याला हेच सगळं मिळालं असतं तर काय झालं असतं, हा विचार त्या चित्रफिती बघताना सोडत नाही.

१७ जानेवारी १९९९ रोजी अटलांटाविरुद्ध, सुपर बोलच्या उंबरठ्यावर, वर्षभरात एकही चेंडू न चुकवलेल्या गॅरी अँडरसनचा ३८ यार्डांचा फटका खांबाबाहेरून गेला. सामना बरोबरीत आला आणि जादा वेळेत ३०-२७ असा हातचा गेला. पूर्वार्धाच्या अखेरीस कनिंगहॅमच्या हातून चेंडू निसटला होता, हेही खरं.

कारकिर्दीच्या शेवटी त्याच्या फेकीचे यार्ड २९,९७९ होते, तीस हजारांना एकवीस कमी. पळून ४,९२८. धावेचा तो आकडा २०११ मध्ये मायकेल विकने ओलांडला, तोही ईगल्सच्याच पोशाखात. लामार जॅक्सनने २०१९ मध्ये एका हंगामात १,२०६ यार्ड धावून सर्वोत्तम खेळाडूचा मान एकमताने मिळवला. त्याच्यासाठी बाल्टिमोरने सगळं आक्रमण नव्याने बांधलं होतं. जेलन हर्ट्सने फेब्रुवारी २०२५ मध्ये फिलाडेल्फियाला सुपर बोल जिंकून दिला, हाताने आणि पायाने. या मुलांसाठी भिंती उभ्या केल्या गेल्या, त्यांच्या पळण्याभोवती डाव रचले गेले. ओहायोतल्या कॅन्टन गावी या खेळाचं मानाचं दालन आहे, तिथे टार्केन्टन आहे, मून आहे. कनिंगहॅम नाही. माझ्या मते तो तिथे असायला हवा. बाद फेरीतला हिशेब मांडूनही हवा, कारण त्या दालनात जिंकलेल्यांइतकीच खेळ बदलणाऱ्यांची जागा आहे.

तो स्वतः लास व्हेगसमध्ये धर्मोपदेशक झाला आणि मुलांना उंच उडी शिकवू लागला. शाळेत असताना तो ती खेळला होता. मुलगी व्हॅष्टी १८ वर्षांची असताना, मार्च २०१६ मध्ये, पोर्टलंडला जागतिक इनडोअर विजेती झाली. तिचा प्रशिक्षक वडीलच. त्याच वर्षी जूनमध्ये ओरेगॉनमधल्या युजीन इथे अमेरिकन विद्यापीठांची राष्ट्रीय स्पर्धा झाली आणि पुरुषांची उंच उडी दक्षिण कॅलिफोर्नियाच्या, म्हणजे सॅमकाकाच्या विद्यापीठाच्या, वीस वर्षांच्या मुलाने जिंकली. ज्याच्या जन्मासाठी बापाने सराव चुकवला होता, तोच हा मुलगा. निकालाच्या कागदावर पहिल्या ओळीत नाव होतं रँडल कनिंगहॅम.