खुलताबादचे मातब्बर रहिवासी

छत्रपती संभाजीनगरहून वेरूळची लेणी पाहायला निघालेली मंडळी दौलताबादचा किल्ला मागे टाकून घाट चढतात आणि चढ संपला की खुलताबाद गाव लागते. दिवाळीच्या सुटीत चहा घ्यावा, मुलांना सीताफळे घेऊन द्यावीत आणि पुढे निघावे, असा बहुतेकांचा शिरस्ता. पण गावाचे रहिवासी पाहावेत तर केवढे! एक मोगल बादशहा, हैदराबादचा पहिला निजाम, फारसी-अरबीचे थोर कवी. गंमत एवढीच, की यांतले बरेचसे येथे मुक्कामाला आले ते मेल्यानंतर.

याचे मूळ सहाशे-सातशे वर्षांमागे आहे. १३२७ च्या सुमारास महंमद तुघलकाने राजधानी दौलताबादला हलवली, तेव्हा दिल्लीकरांच्या लोंढ्याबरोबर सुफी फकीर आणि कवीही आले. त्यांतले बुऱ्हाणुद्दीन गरीब १३३७ मध्ये निवर्तले. त्यांचा दर्गा येथेच आहे. पुढे खानदेशच्या फारुकी सुलतानाने तापीकाठी नगर वसवले, त्याला त्यांच्याच नावावरून बुऱ्हाणपूर म्हटले. पलीकडच्या तीरावरचे जैनाबाद त्यांचे शिष्य जैनुद्दीन यांच्या नावाचे. अशा साधूंच्या पायाशी माती मिळावी म्हणून मग सत्ताधीशही येथे येऊ लागले.

औरंगजेब १७०७ मध्ये अहमदनगरला वारला. आयुष्याची शेवटची पंचवीस वर्षे त्याने दक्षिण जिंकण्यात घालवली, आणि अखेर जैनुद्दीनांच्या दर्ग्याच्या आवारात उघड्या आभाळाखाली साध्या मातीची कबर त्याच्या वाट्याला आली. संगमरवरी जाळी पुढे लॉर्ड कर्झनच्या सूचनेवरून बसवली. बादशहाला मरणोत्तर ‘खुल्द-मकान’ म्हणत, म्हणजे स्वर्गवासी. गावाचे नाव त्यावरूनच पडले. आणि येथून घाट उतरताच जे वेरूळ लागते, ती भोसल्यांची पाटीलकी! शिवरायांचे आजोबा मालोजीराजे तेथले.

पण आमच्या मते गावचा सर्वांत मोठा रहिवासी औरंगजेब नव्हे. तो मान मलिक अंबरचा.

१५४८ च्या सुमारास इथिओपियात जन्मलेला हा मुलगा गुलाम म्हणून विकला गेला. बगदादसारख्या दूरच्या बाजारांतून फिरत तो अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याच्या पदरी आला. धनी वारल्यावर मोकळा झाला, स्वतःचे पथक उभारले, आणि १६०० मध्ये मोगलांनी अहमदनगर घेतल्यावर बुडती निजामशाही सव्वीस वर्षे खांद्यावर पेलून धरली. मराठा घोडदळ हाताशी धरून तो मोगली फौजांची रसद तोडी, त्यांना डोंगरांत थकवी. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. शहाजींचे बंधू शरीफजी तेथेच पडले. गनिमी काव्याचे धडे मराठ्यांनी कोठे गिरवले, हा प्रश्न विचारताना हे साल विसरू नये.

जहांगीर बादशहा तर त्याच्या नावाने इतका चिडे, की अबुल हसन या चित्रकाराने एक चित्रच काढले: बादशहा पृथ्वीगोलावर उभा राहून मलिक अंबरच्या छाटलेल्या शिरावर बाण सोडतो आहे! ते चित्र आज डब्लिनच्या संग्रहालयात आहे. प्रत्यक्षात मात्र अंबर जहांगीरच्या हाती कधी लागला नाही.

तलवारीहूनही त्याची गवंड्याची आणि कारभाऱ्याची बुद्धी मोठी. जमिनीची प्रत पाहून सारा ठरवण्याची त्याची पद्धत महाराष्ट्रात दीर्घकाळ नावाजली गेली. १६१० मध्ये त्याने खडकी या खेड्याच्या जागी नवे शहर वसवले. डोंगराकडचे पाणी जमिनीखालून, खापराच्या नळांनी गावात आणले, तीच नहर-ए-अंबरी. भडकल दरवाजाही त्याचाच. त्याच्या मुलाने शहराला फतेहनगर म्हटले, १६५३ मध्ये औरंगजेबाने औरंगाबाद केले, २०२३ मध्ये ते छत्रपती संभाजीनगर झाले. वसवणाऱ्याने स्वतःचे नाव काही त्याला दिले नव्हते.

१६२६ मध्ये, ऐंशीच्या घरात असताना तो वारला. स्वतःचा मकबरा त्याने हयातीतच बांधून ठेवला होता. प्रवाशांची रांग बादशहाच्या कबरीकडे लागते, शनिवारी नि हनुमान जयंतीला निद्रिस्त मूर्तीच्या भद्रा मारुतीकडे लागते. अंबरकडे फारसे कोणी वळत नाही. पुढच्या खेपेस जरजरीबक्ष दर्गा विचारावा. त्याच्या जवळच दगडी घुमटाची ती इमारत आहे. शेजारचा लहान घुमट त्याच्या पत्नीचा, सिद्दी करीमाचा.