खड्डा खणण्याआधी जमिनीखाली काय आहे?

पावसाळा आला की मुलं शाळेतून रोप घरी नेतात आणि बाबांच्या मागे लागतात, "खड्डा खणून द्या ना!" आपल्या बोनकोड्यात अंगण म्हणजे घर आणि गल्ली यांच्यामधली हातभर जागा. पाणी, वीज, गॅस नेमकं तिथूनच घरात येतं.

म्हणून आधी मीटर बघा. वायर किंवा नळी भिंतीवरून जमिनीत कुठे शिरते? तिथून गल्लीतल्या झाकणापर्यंत नजर टाका. पण लाइन सरळच गेली असेल असं धरू नका. गॅसची जमिनीखालची नळी बहुधा प्लॅस्टिकची असते, धातू शोधणाऱ्या यंत्राला ती कळतच नाही! त्यामुळे महावितरण, महापालिका आणि गॅस कंपनीला विचारलेलं बरं. मोठं खोदकाम असेल तर ठेकेदाराला 'कॉल बिफोर यू डिग' या सरकारी अ‍ॅपवर आधी कळवायला सांगा. ते २२ मार्च २०२३ रोजी सुरू झालं.

खणताना पहार नकोच. हळूहळू माती काढा. ओळीने विटा, वाळू किंवा रंगीत पट्टी लागली तर थांबा, केबलवर त्या मुद्दाम घालतात. गॅसचा वास आला तर स्विचला हात न लावता सगळ्यांना लांब न्या, मगच फोन करा.

शंका उरलीच तर रोप कुंडीत लावा. मुलांना चालतं, मी विचारलंय.