डिझेलची आगोट

माझी आजी दाभोळच्या खाडीकाठची. मे सरत आला की तिची आगोट सुरू व्हायची : तांदूळ, मीठ, सुकी मासळी, लाकूडफाटा, रॉकेलचा डबा. पाऊस लागला की मुंबईच्या बोटी बंद. मग नारळी पौर्णिमेपर्यंत तरी घरात असेल तेच आपलं. पुढे मी एकतीस वर्षं तेलवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढली. पण अलास्कातल्या नोमची हकिकत कळली तेव्हा आधी आठवली ती आजी.

नोम हे बेरिंग समुद्राकाठचं, साडेतीन हजारांच्या आसपास वस्तीचं गाव. उरलेल्या अलास्काशी जोडणारा रस्ता नाही. माणसं, औषधं विमानाने येतात. डिझेल मात्र बार्जवरून, तेही समुद्र मोकळा असेपर्यंतच. घरातली ऊब तेलावर, वीजही मुख्यतः डिझेलच्या जनित्रांवर. टाक्या भरणं हीच तिथली आगोट.

नोव्हेंबर 2011 मध्ये तिथे मोठं वादळ झालं आणि हंगामातली शेवटची बार्ज अडकली. आमच्या धंद्यात बार्ज चार दिवस उशिरा आली तर एजंट ओरडतो, फोनाफोनी होते, संपलं. इथे तेवढ्यात समुद्रच गोठला. वादळ ओसरलं, पण दार लागलं ते उन्हाळ्यापर्यंत. साठा तोवर पुरणार नव्हता. विमानाने तेल आणायचं तर तीनशेहून अधिक फेऱ्या!

शेवटी ‘रेंडा’ हे दुहेरी कवचाचं रशियन टँकर मिळालं. अमेरिकेच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात परदेशी जहाजाने माल न्यायचा नाही, असा तिथला कायदा. त्यातून खास सूट काढावी लागली. पुढे तटरक्षक दलाची ‘हीली’ बर्फ फोडत होती आणि मागे रेंडा. फोडलेली वाट दाबाखाली पुन्हा मिटायची; मग हीलीने उलट फिरायचं आणि अडकलेल्या टँकरभोवतीचा बर्फ मोकळा करायचा. ऐन संक्रांतीच्या तोंडावर, 14 जानेवारी 2012 ला, दोन्ही जहाजं नोमसमोर पोचली.

पोचली म्हणजे धक्क्याला लागली नाहीत. किनारा अजून सुमारे अर्धा मैल दूर. माझं खरं लक्ष इथे जातं. जहाजाभोवतीचा फुटलेला बर्फ पुन्हा घट्ट गोठेपर्यंत थांबले, मग त्यावरून होज ओढले. पंपिंग दिवसाउजेडीच सुरू करायचं अशी अट होती, आणि जानेवारीत तिथे उजेड जेमतेम पाच तास. होजच्या कडेने माणसं सतत येरझाऱ्या घालत होती, कुठे गळतंय का ते बघत. तेल देताना सांध्यांवर नजर ठेवायची पाळी मीही केली आहे, पण आखातात, घाम पुसत. सुमारे 49 लाख लिटर इंधन असं उतरलं.

नोमला हे नवं नव्हतं. 1925 मध्ये घटसर्पाची साथ आली तेव्हाही बंदर गोठलेलंच होतं. प्रतिविष आलं कुत्र्यांच्या गाड्यांवरून : वीस गाडीवान, पाळीपाळीने, सुमारे 1,085 किलोमीटर, साडेपाच दिवसांत.

ऑक्टोबर 2025 मध्ये ‘हालोंग’ चक्रीवादळाचे अवशेष त्याच अलास्काच्या पश्चिम किनाऱ्यावर आदळले. किपनुक आणि क्विगिलिंगोक या गावांतली घरं पाण्यावर तरंगत निघाली. शेकडो माणसांना विमानांनी अँकरेजला हलवलं. थंडी उंबऱ्यावर, दुरुस्तीचं सामान न्यायचं तरी कशातून? आणि घरांसोबत फ्रीजरही गेले. उन्हाळाभर धरलेला सामन, मूसचं आणि सीलचं मांस, सगळा हिवाळा त्यांत भरून ठेवलेला होता.