चकमकीच्या बंदुकीचा धडा

मलकापूरच्या दक्षिणेस सरळ रेषेंत सुमारें ८० किलोमीटरांवर असई आहे व पूर्वेस जवळजवळ तितक्याच अंतरावर आडगांव. १८०३ सालीं, २३ सप्टेंबरला असईस व २९ नोव्हेंबरला आडगांवास, वेलस्लीपुढें मराठ्यांचा मोड झाला. हीं सालें आपलीं मुलें पाठ म्हणतात. परंतु तेव्हांची बंदूक चालत कशी असे, असें त्यांनीं विचारल्यास घरांतील वडील मंडळी बहुधा निरुत्तर होतात.

असईस पोलमन या जर्मन सेनानीच्या हाताखालीं लढलेल्या शिंद्यांच्या कवायती पलटणींजवळ चकमकीच्या, म्हणजे ठासणीच्याच पण जामगीवांचून पेटणाऱ्या, बंदुका होत्या. तिच्या घोड्यांत गारगोटी बसविलेली असते. चाप ओढतांच ती पोलादी पात्यावर आपटते, ठिणग्या वाटींतील रंजकावर पडतात आणि तो जाळ बारीक छिद्रांतून नळींतील दारूस पोहोंचतो. शिपायांच्या नळ्या आंतून गुळगुळीत असत. नेमबाजीच्या रायफलीस मात्र आंत पीळ असतो, त्यामुळें गोळी फिरत व सरळ जाते.

परदेशांत अशा बंदुकांच्या शर्यती आजहि भरतात. चांदमारीवर नवशिक्यास प्रथम क्रम शिकवितात. दारू (शंभर भागांत ७५ सोरा, १५ कोळसा, १० गंधक) मापानेंच घ्यावी. शिंगांतून थेट नळींत कधींहि ओतूं नये, कारण मागील बाराची ठिणगी आंत धुमसत असल्यास हातांतील शिंगच पेटेल. मग तेलकट चिंधींत गोळी ठेवून गजानें दारूला भिडेपर्यंत दाबावी. मध्यें पोकळी राहिल्यास नळी फुटण्याचें भय असतें, म्हणून गजावर खूण करून ठेवितात. रंजक भरावयाचें तें सर्वांत शेवटीं.

खरी परीक्षा यापुढें आहे. चाप ओढल्यावर डोळ्याजवळ जाळ भडकतो, आणि गोळी सुटते ती त्यानंतर क्षणार्धानें. त्या अल्प अवकाशांत नवशिक्या दचकतो, डोळे मिटतो, आणि नेम ढळतो. यावर उस्ताद एक युक्ति योजितात: शिष्याच्या नकळत वाटी रिकामीच ठेवितात. घोडा पडतो, जाळ होत नाहीं. पण नळी हललेली सर्वांस दिसते! शिष्य ओशाळतो, आणि चाप ओढल्यानंतरहि माशीवरची नजर काढावयाची नसते हें त्यास कायमचें कळतें. बार न उडाल्यास नळी निशाणाकडेच धरून निदान मिनिटभर थांबावें. शेवटीं ती गरम पाण्यानें धुवावी, नाहींतर दारूच्या काजळीनें लोखंड गंजतें.

एखाद्या वाड्याच्या माळ्यावर जुनी बंदूक सांपडल्यास मुलांच्या हातीं ती देऊं नये. पूर्वजांनीं भरलेला बार आंत अजून असूं शकतो, आणि चालूं शकणाऱ्या बंदुकीस १९५९ च्या शस्त्रकायद्यान्वयें परवाना लागतो. पोलिसांस कळवावें व जाणत्याकडून ती तपासून घ्यावी. कृति आरंभिल्यानंतर फळ हातीं येईपर्यंतचा क्षण स्थिर राहून काढणें, हा तिचा धडा मात्र परवान्यावांचून घरोघरीं गिरवितां येतो.