हाक मारून जा!

गालापागोसहून मार्केसास बेटं सुमारे 3,000 सागरी मैल. शिडाच्या छोट्या बोटीला तीन-चार आठवडे लागतात, वाटेत एकही बंदर नाही. बोटीवर आम्ही दोघंच! आळीपाळीनं तीन-तीन तासांचा पहारा.

वादळाचं सगळेच विचारतात. व्यापारी वारे पाठीशी होते, त्यामुळे त्याची फारशी धास्ती नव्हती. मैत्रिणींनो, माझी भीती वेगळीच. मी खाली झोपलेय आणि हा पाण्यात पडला तर? बोट आपली चालतच राहणार! म्हणून नियम केला, सुरक्षापट्टा अडकवल्याशिवाय आणि दुसऱ्याला उठवल्याशिवाय डेकवर पुढे जायचं नाही.

बाराव्या रात्री शीड अडकलं. ‘तुझी झोप कशाला मोडू’ म्हणत हा एकटाच गेला. सकाळी कडाक्याचं भांडण. रुसून जाणार कुठे म्हणा! दुपारी खिचडी टाकली. रात्री दोनला हाक आली, “अगं ऊठ, पुढे जातोय.”