आधी माप, मग लाकूड

घरच्या घरी इलेक्ट्रिक गिटार करायला घेणाऱ्याचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा लाकडाचा असतो. मेपल कुठून आणायचं, ॲल्डर मिळेल का, महोगनीशिवाय आवाज भरदार येईल का? परदेशी कंपन्यांच्या जाहिराती वर्षानुवर्षं याच नावांभोवती फिरत आल्या आहेत, त्यामुळे हा प्रश्न पडणं साहजिक आहे. त्याचं उत्तर मिळत नाही म्हणून बेत मात्र तिथेच थांबतो, आणि ते व्हायला नको. नागपूरहून हावड्याकडे निघालं की राजनांदगाव, दुर्ग, भिलाई मागे टाकून रायपूरच्या अलीकडे चरोदा लागतं. हे रेल्वेचं गाव. मालगाड्या जुळवणारं भिलाई मार्शलिंग यार्ड इथलं, विद्युत इंजिनांची देखभाल करणारं लोको शेड इथलं, आणि १९५९ साली ज्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली तो भिलाईचा पोलाद कारखाना शेजारीच. मेपलची फळी इथल्या वखारीत मिळायची नाही. पण तांब्याच्या तारेचं वाइंडिंग, चुंबक, पोलाद आणि अर्ध्या मिलिमीटरचा फरक ही ज्यांच्या रोजच्या कामातली गोष्ट आहे अशी माणसं इथे भरपूर आहेत. इलेक्ट्रिक गिटारला लागतं ते मुख्यतः हेच. पहिली गिटार करणाऱ्याने लाकडाच्या जातीची काळजी सोडावी आणि ती सगळी काळजी मापावर खर्च करावी, हे म्हणणं मी इथे मांडणार आहे.

आधी आवाज कुठे तयार होतो ते पाहू. मिरजेच्या तंबोऱ्यात तार हलते, तो कंप घोडीतून तबलीत उतरतो, भोपळ्यातली हवा त्याला साथ देते आणि आपल्या कानावर पडतो तो या सगळ्यांचा मिळून झालेला आवाज. तिथे लाकूड आणि भोपळा हेच वाद्य असतं. म्हणून मिरजेचे कारागीर भोपळा निवडण्यात आणि वाळवण्यात इतका वेळ घालवतात. इलेक्ट्रिक गिटारमध्ये वाट वेगळी आहे. तारेखाली पिकअप असतो, म्हणजे चुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली तांब्याची बारीक तार. चुंबकाच्या सान्निध्यात गिटारची पोलादी तार स्वतःही थोडी चुंबकीय होते. ती हलली की गुंडाळीतून जाणारं चुंबकीय क्षेत्र कमीजास्त होतं आणि गुंडाळीत वीज निर्माण होते. मायकेल फॅरडेने १८३१ साली दाखवलेला हाच विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा नियम. ॲम्प्लिफायरला मिळते ती ही वीज, लाकडाचा आवाज नव्हे. खात्री करायची तर पिकअप ॲम्प्लिफायरला जोडून सतारीच्या तारांजवळ धरून पाहावा. पोलादी बाजाची तार खणखणीत ऐकू येते, आणि पितळी तार कितीही जोरात छेडली तरी स्पीकरमधून जवळजवळ काहीच येत नाही. सतारीच्या लाकडात दोन्ही तारांचा कंप सारखाच उतरलेला असतो. पिकअप फक्त चुंबकीय धातूची हालचाल ओळखतो.

इतिहासही हेच सांगतो. बाजारात नाव काढलेली पहिली इलेक्ट्रिक गिटार, जॉर्ज बोशँप आणि ॲडॉल्फ रिकनबॅकर यांची १९३२ सालची ‘फ्राइंग पॅन’, लाकडाची नव्हतीच. मांडीवर ठेवून वाजवायची ती हवाईयन पद्धतीची गिटार ओतीव ॲल्युमिनियमची होती. पुढे १९४०च्या सुमारास गिटारवादक लेस पॉलने चार इंच जाडीच्या पाइनच्या ओंडक्यावर तारा आणि पिकअप बसवले. दोन्ही बाजूंना गिटारच्या आकाराचे पंख जोडले, पण ते केवळ दिसण्यासाठी.

‘लाकडाचा काहीच परिणाम होत नाही, असं कसं म्हणता?’ हा आक्षेप गंभीर आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही. तार दोन टोकांवर टेकलेली असते आणि ती टोकं अगदी अचल कधीच नसतात. गिटारची मान एखाद्या कंपसंख्येला स्वतःच थरथरू लागली, तर तारेतली ऊर्जा त्या थरथरीत जिरते आणि तेवढा एक सूर लवकर विझतो. म्युनिकचे संशोधक हेल्मुट फ्लायशर यांनी १९९०च्या दशकात वेगवेगळ्या गिटारींच्या मानेवर मोजमापं घेतली, तेव्हा असे ‘मेलेले’ सूर आणि मानेची त्या जागची हालचाल यांचा मेळ बसला. म्हणजे लाकूड बोलतं, पण ते सुराची लांबी कमी करून बोलतं आणि मुख्यतः मानेच्या ताठपणातून बोलतं. जातीच्या नावाचा त्यात वाटा फार थोडा. ज्या वाद्यात लाकूडच आवाज देतं त्या साध्या गिटारचीही एक परीक्षा झाली आहे. लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी गिटारकार रॉजर बकनॉल यांच्याकडून सहा गिटारी करून घेतल्या. पाठ आणि बाजू यांचं लाकूड तेवढं वेगळं, बाकी रचना एकच. काळे चष्मे लावलेल्या ५२ वादकांना त्या वाजवायला दिल्या. २०१८ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की महागड्या आणि स्वस्त लाकडात वादकांना भरवशाचा फरक करता आला नाही. मग जिथे आवाज तांब्याच्या गुंडाळीतून येतो, तिथे जातीच्या नावाला किती महत्त्व द्यायचं?

याचा अर्थ कुठलीही फळी चालेल असा मात्र नाही. लाकडाला तीनच प्रश्न विचारावेत: किती जड, किती कोरडं, किती ताठ. गिटारच्या धडाच्या नेहमीच्या आकाराच्या ठोकळ्यासाठी साधारण साडेचार लिटर घनफळाचं लाकूड लागतं. सागाची घनता ०.६५ धरली तर तो ठोकळा तीन किलोच्या आसपास जातो. छत्तीसगडच्या जंगलात मुबलक असलेल्या सालाचा केला तर पावणेचार-चार किलो होतो, आणि साल वाळताना तडकतो, पिळवटतो. शिवण, तिकडच्या बोलीत खम्हार, याहून बरीच हलकी आणि आकार टिकवणारी आहे. ठोकळ्यासाठी ती मला सर्वांत योग्य वाटते. मानेसाठी मात्र साग घ्यावा आणि तोही जुना. पाडलेल्या घराच्या सागवानी चौकटीने कित्येक उन्हाळे-पावसाळे पाहिलेले असतात, तिचं हलणं-वाकणं केव्हाच संपलेलं असतं. वखारीतून आलेली ओली फळी मे महिन्यात सरळ दिसते आणि ऑगस्टमध्ये पीळ खाते. मानेवर सहा तारांचा मिळून सुमारे ४५ किलोचा ताण कायम असतो, म्हणून आत जुळवता येणारी पोलादी सळई, म्हणजे ट्रस रॉड, बसवणं भागच आहे. एका अखंड तुकड्याऐवजी रेषा उलटसुलट ठेवून चिकटवलेल्या तीन पट्ट्यांची मान अधिक भरवशाची होते.

आता माप. गिटारच्या फ्रेट, म्हणजे आपल्या सतारीचे पडदे, मानेत कायमच्या ठोकलेल्या असतात. सतारीचा पडदा सरकवता येतो, इथे चूक झाली की झाली. सप्तकाचे बारा सारखे भाग करायचे तर प्रत्येक सुराची कंपसंख्या मागच्याच्या १.०५९४६ पट हवी, कारण याच आकड्याने बारा वेळा गुणलं की दुप्पट होते. तारेची लांबी त्याच प्रमाणात घटते. कारागिरांसाठी याचं सोपं रूप असं: उरलेल्या लांबीला १७.८१७ ने भागा, तेवढ्या अंतरावर पुढची फ्रेट. गॅलिलिओचे वडील विन्चेंझो गॅलिली यांनी १५८१ साली १८ हा आकडा सुचवला होता, तो याच्या इतका जवळ आहे. तारेची लांबी ६४८ मिलिमीटर धरली तर पहिली फ्रेट नटपासून (मानेच्या टोकाची, तारा टेकणारी पट्टी) ३६.३७ वर, दुसरी ७०.७० वर, पाचवी १६२.५५ वर, सातवी २१५.५१ वर आणि बारावी बरोब्बर मध्यावर, ३२४ वर येते. नवखा माणूस चुकतो तो गणितात नव्हे, आखणीत. तो पहिल्या फ्रेटपासून दुसरी मोजतो, दुसरीपासून तिसरी. दर वेळी ०.२ मिलिमीटर एकाच बाजूला घसरलं, तर बाराव्या फ्रेटपर्यंत २.४ मिलिमीटरची चूक साठते. अर्धस्वराचे शंभर भाग केले, ज्यांना सेंट म्हणतात, तर ही चूक साधारण तेरा सेंट भरते आणि कानाला टोचते. सगळी अंतरं नटपासूनच मोजली, पोलादी पट्टी एकदा चिकटपट्टीने पक्की केली आणि पेन्सिलीऐवजी सुरीच्या टोकाने खूण केली, तर चूक साठत नाही. मग गुण्या लावून, फ्रेटच्या पात्याच्या जाडीची करवत घेऊन चर पाडायचे. लोखंडी रुळांत १६७६ मिलिमीटरचं अंतर राखणाऱ्या गावाला ही शिस्त परकी नाही.

इथे शास्त्रीय संगीताचा जाणकार म्हणेल की ही सारी अचूकता खोट्या सुरांसाठी आहे. समान विभागणीतला शुद्ध गंधार ४०० सेंटवर येतो, तर षड्जाशी नैसर्गिक नातं सांगणारा गंधार ३८६ सेंटवर असतो. मुळातच चौदा सेंटचा फरक आहे, तर आखणीतल्या पाच सेंटची फिकीर कशाला? हार्मोनियमवर हाच आक्षेप घेतला गेला होता, आणि त्यात तथ्य आहे. पण समान विभागणीचा फरक सगळीकडे एकसारखा असतो. षड्ज कुठेही धरा, गंधार तेवढाच चढा आणि पंचम दोन सेंटनेच उतरा. कान त्याला सरावतो आणि बोट त्याला वळवू शकतं. तार फ्रेटवर आडवी ओढून गिटारवादक सूर चढवतो, थेट सतारीच्या मींडेसारखा. आखणीतली चूक मात्र प्रत्येक फ्रेटवर वेगळी असते. एका स्वरमेळात ती सुसह्य वाटते आणि दुसऱ्यात सूर एकमेकांवर आपटतात. एका मिलिमीटरची चूक पहिल्या फ्रेटवर जेमतेम तीन सेंटची आणि बाराव्यावर पाचाहून अधिक सेंटची. अशा बदलत्या चुकीशी कोणत्याही बोटाला जुळवून घेता येत नाही.

पिकअपमध्ये तर लाकडाहून मोठा फरक करणाऱ्या गोष्टी सरळ मोजता येतात. एका गुंडाळीच्या पिकअपला सात-आठ हजार वेढे लागतात. तार ०.०६ मिलिमीटर जाडीची, आपल्याकडच्या गेज-पद्धतीत ४६ नंबरची. लांबी एक किलोमीटरहून जास्त आणि रोध सहा हजार ओहमच्या आसपास. मोटार वाइंडिंगच्या दुकानात इतकी बारीक इनॅमल तार सहसा नसते, मागवावी लागते. पण ती हाताळायची कशी, ताण किती ठेवायचा, तुटली तर जोडून डाग कसा द्यायचा हे तिथलाच माणूस उत्तम सांगेल. वेढे मोजायला फिरत्या चाकावर छोटं चुंबक आणि कॅल्क्युलेटरच्या ‘बरोबर’च्या बटणाला जोडलेला रीड स्विच पुरतो: एक अधिक एक दाबून ठेवलं की प्रत्येक फेरीला आकडा एकने वाढतो. वेढे वाढवले की आवाज मोठा आणि जाड होतो, कमी केले की पातळ आणि चकचकीत. गुंडाळी आणि केबल मिळून साधारण तीन ते पाच हजार हर्ट्झच्या दरम्यान आवाजाला उठाव देतात. पाच मीटरच्या जागी दहा मीटरची केबल लावली तर हा उठाव खाली सरकतो आणि आवाज मऊ होतो. केबल बदलून ऐकू येतो तेवढा फरक लाकूड बदलून येत असल्याचा पुरावा माझ्या पाहण्यात नाही. याच गुंडाळीला घरातल्या ट्रान्सफॉर्मर आणि वायरिंगभोवतीचं ५० हर्ट्झचं क्षेत्रही ऐकू येतं, आणि स्पीकर गुणगुणू लागतो. गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हरने १९५५ साली त्यावर उपाय योजला: दोन गुंडाळ्या, वेढे उलट दिशेचे आणि चुंबकही उलटे. तारेचा आवाज दोन्हींत मिळून वाढतो, बाहेरची गुणगुण रद्द होते.

राहिला व्यवहारी आक्षेप: बाजारात तयार गिटार मिळते, ती कदाचित स्वस्तही पडेल, मग हा खटाटोप कशाला? वाजवणं एवढाच हेतू असेल तर विकत घ्यावी, यात वाद नाही. पण १९६३ साली लंडनजवळ ब्रायन मे या शाळकरी मुलाने आणि त्याच्या वडिलांनी जे केलं ते पाहण्याजोगं आहे. मान शेकोटीच्या जुन्या चौकटीच्या लाकडाची, किडीची भोकं काडेपेटीच्या काड्यांनी बुजवलेली. ठोकळा जुन्या ओक लाकडाचा आणि ब्लॉकबोर्डचा, स्प्रिंगा मोटारसायकलच्या. घरी केलेले पिकअप तार ओढताना नको तो आवाज देऊ लागले, तेव्हा त्याने बर्न्स कंपनीचे विकत घेऊन बसवले. बदलले ते पिकअप, लाकूड नाही. हीच गिटार तो पुढे क्वीन या बँडमध्ये वाजवत राहिला. मेने २००७ साली खगोलभौतिकीत डॉक्टरेटही पूर्ण केली. वाद्य आणि भौतिकशास्त्र दोन्ही एकाच हातात मुरले, याला त्या घरगुती कामाची मदत झाली असेल असं मला मनापासून वाटतं. विकतच्या गिटारमध्ये पिकअपचा चुंबक उलटा लावून काय होतं ते पाहायचं धाडस कुणी करत नाही. स्वतः केलेल्या गिटारमध्ये ते सहज होतं.

सुरक्षेबाबत मात्र एक गोष्ट टाळता येणार नाही. गिटारमध्ये स्वतःचा असा धोका नाही. तिच्या गुंडाळीतून व्होल्टचा दहावा हिस्सा येतो. पण गुणगुण घालवण्यासाठी ब्रिज (म्हणजे घोडी), आणि त्यामुळे सगळ्या तारा, ॲम्प्लिफायरच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. ॲम्प्लिफायरचा तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या सॉकेटमध्ये घुसवला किंवा घराचं अर्थिंगच नीट नसलं, तर याच तारा धोकादायक होतात. स्कॉटिश गिटारवादक लेस हार्वे १९७२ साली स्वानसी इथे मंचावरच अर्थिंग नसलेल्या माइकमुळे विजेचा धक्का बसून गेला. म्हणून पहिला ॲम्प्लिफायर तयार घ्यावा, घरी जोडू नये. आणि गिटारला तारा चढवण्याआधी वायरमनला बोलावून त्या खोलीतल्या सॉकेटचं अर्थिंग तपासून घ्यावं.